देसाईगंजचा खटला आपण कसा वाचतो?

स्त्रियांचे मानवी हक्क आणि कायदेसुधारणा या विषयावर सिनॉप्सिस लिहिणाऱ्या काही जणांनी आपापले कच्चे मसुदे मला वाचायला पाठवले होते. सगळे मेहनतीने लिहिलेले. पण एक परिच्छेद जवळपास सगळ्यांत सारखाच होता. १९७२ ला देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात अत्याचार झाला, १९७९ ला चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८३ ला कायदा बदलला, मग संयुक्त राष्ट्रांचा सीडॉ करार, मग सार्क, मग सक्षमीकरण. आगगाडीची स्टेशनं लागावीत तसं एकामागून एक.

आज या परिच्छेदाचीच चिरफाड करायची आहे. हा खटला मला दूरचा नाही. आमच्या आसगावहून लाखांदूरमार्गे गेलं की वडसा लागतं. कागदावर देसाईगंज, आमच्या बोलण्यात वडसा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, १९८२ ला गडचिरोली जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेलं. म्हणजे देशाचा बलात्कारविषयक कायदा जिथून हलला ते ठाणं आमच्याच मुलखातलं. आणि तरी आमच्याकडचा विद्यार्थी हा खटला दिल्लीत छापलेल्या पुस्तकातून, दिल्लीच्या नजरेने वाचतो.

आधी नावाबद्दल. हा खटला सगळीकडे त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. १९८३ च्याच दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आलं आणि पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा ठरला. म्हणजे जिच्यामुळे हे कलम आलं तिला त्याचा उपयोग झालाच नाही. तिचं नाव तोवर सगळीकडे पसरलं होतं. लॉ रिपोर्टमध्ये खटल्याचं शीर्षक 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' असं आहे, म्हणजे आरोपी पोलिसाच्या नावावर, आणि मी तेच वापरणार. तुम्ही प्रबंधात काय वापरायचं हे तुमच्या मार्गदर्शकांशी बोलून ठरवा, पण ठरवा. सगळे लिहितात म्हणून आपणही लिहिलं, हे संशोधनातलं कारण होऊ शकत नाही.

आता घटना. २६ मार्च १९७२ ची रात्र. मुलगी चौदा ते सोळा वर्षांची, आईवडील लहानपणीच वारलेले, भावासोबत राहून मजुरी करणारी. तिचं एका तरुणाशी जमलं होतं. भावाने तक्रार केली म्हणून सगळ्यांना ठाण्यात बोलावलं. जबाब झाले, हेड कॉन्स्टेबल घरी गेला. बाकीचे निघाले तेव्हा गणपत आणि तुकाराम या दोन पोलिसांनी तिला मागे थांबवलं आणि दार लावलं. नातेवाईक बाहेर उभे होते.

इथून पुढची गोष्ट मसुद्यांत कोणीच लिहीत नाही. ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच आहे, शोधायला अभिलेखागारात जायची गरज नाही. मुलगी बाहेर आली आणि तिने जमलेल्या लोकांना काय झालं ते सांगितलं. तिला डॉक्टरकडे नेलं. गर्दी वाढली, लोक चिडले, ठाणं जाळून टाकू म्हणाले. हेड कॉन्स्टेबलने त्यांना कसंबसं शांत केलं आणि मग तिचा जबाब नोंदवला. हा क्रम नीट बघा. तक्रार नोंदली गेली ती वडशाचे लोक रात्री ठाण्यासमोर उभे राहिले म्हणून. १९७२ मध्ये एका अनाथ मजूर मुलीची, पोलिसांविरुद्धची, पोलिसांनीच लिहून घ्यायची तक्रार एरवी कागदावर आली असती असं मला वाटत नाही. पण आपल्या इतिहासात चळवळ सुरू होते १९७९ ला, इंग्रजी पत्राने. त्या रात्रीच्या माणसांना आपण 'जमाव' म्हणतो आणि पुढे जातो. ज्याला ज्ञाननिर्मितीचं राजकारण वगैरे मोठे शब्द वापरायचे आहेत त्याने इथे वापरावेत.

तीन न्यायालयांचे तीन निकाल लागले. चंद्रपूरच्या सत्र न्यायाधीशांनी १ जून १९७४ ला आरोपींना सोडलं. मुलगी खोटारडी, शरीरसंबंध झाला असेल पण बलात्कार नाही, असा सूर. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १२ ऑक्टोबर १९७६ ला तो फिरवला. गणपतला पाच वर्षं, तुकारामला एक वर्ष. सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ ला दोघांनाही सोडून दिलं. न्या. जसवंत सिंग, न्या. कैलासम आणि न्या. कोशल यांचं पीठ, निकाल लिहिला न्या. कोशल यांनी. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केल्याचं तिचं सांगणं बनावट. ती ओरडली नाही, म्हणजे भीतीपोटी गप्प बसली हे सिद्ध होत नाही.

सगळे विद्यार्थी शेवटचा निकाल वाचतात, कारण तो एका क्लिकवर मिळतो. मला मधला जास्त महत्त्वाचा वाटतो. नागपूर खंडपीठाचा युक्तिवाद साधा होता. हे दोघे तिला पूर्ण परके. तक्रारीच्या निकालासाठी ठाण्यात आलेली मुलगी स्वतःहून पुढाकार घेईल हे संभवत नाही, म्हणजे पुढाकार त्यांचाच. आणि असहाय होऊन पडून राहणं म्हणजे संमती नव्हे. १८६० चीच दंड संहिता, कायद्यात एक शब्दही न बदलता, नागपूरला बरोबर वाचता आली. आता 'कायदा अपुरा होता म्हणून सुधारणा आवश्यक ठरली' हे आपलं लाडकं वाक्य परत वाचा. कायदा अपुरा होता, की वाचणारा? दोन्ही असेल. पण हा प्रश्न तुमच्या गृहीतकात आला पाहिजे. नाहीतर प्रत्येक अन्यायावर नवा कायदा हेच उत्तर आपण देत बसू.

१६ सप्टेंबर १९७९ चं खुलं पत्र याच बारीक वाचनावर उभं आहे, म्हणून ते आजही ताजं वाटतं. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. चौघांनी घोषणा दिल्या नाहीत, निकालाचं तर्कशास्त्र उसवलं. प्रत्येक संमतीत एक प्रकारचं मान्य करणं असतं, पण मुकाट्याने सोसलेल्या प्रत्येक गोष्टीला संमती म्हणता येत नाही, हा त्यांचा गाभा. (आपल्याकडे लग्नाच्या बोलणीतही मुलगी गप्प राहिली की 'पसंत आहे' असं धरतात, त्यामुळे हा मुद्दा मराठी वाचकाला परका वाटू नये.) स्त्रीला ठाण्यात बोलावण्याबद्दल त्याच न्यायालयाने नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ मध्येच नापसंती दाखवली होती, तिचा या निकालात मागमूस नाही, हेही त्यांनी दाखवलं. उत्तम टीका कशी लिहावी याचा नमुना म्हणून हे पत्र प्रत्येकाने एकदा वाचावंच.

पण पत्राची मर्यादाही सांगायला हवी. ते न्यायालयाला लिहिलेलं आहे. न्यायालय आपली चूक स्वतः दुरुस्त करेल या विश्वासाने त्यांनी फेरसुनावणी मागितली. ती झाली नाही. काम केलं ते पत्रानंतर रस्त्यावर आलेल्या बायकांनी. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, इतर शहरांत मोर्चे निघाले, आणि प्रकरण न्यायालयाकडून संसदेकडे गेलं. पत्रामुळे कायदा बदलला असं लिहिणं म्हणजे तव्याचं श्रेय काडीपेटीला देणं.

आणि बदललं नेमकं काय? इथे मसुदे सगळ्यात ढिले पडतात. १९८३ च्या कायद्याने कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा ठरवला. पुरावा कायद्यात कलम ११४-अ आलं: कोठडीसारख्या ठराविक प्रकारांत संबंध सिद्ध झाला आणि स्त्री म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं. मोठी गोष्ट आहे. पण ती ठाण्याच्या चार भिंतींत. शेतात, घरात, धानाच्या बांधीवर मालकाने केलेल्या जबरदस्तीत 'तू ओरडलीस का' हा जुना प्रश्न तसाच राहिला. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती ठरत नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला २०१३ उजाडलं, न्या. वर्मा समितीच्या अहवालानंतर. १९७२ पासून मोजा.

याहून मोठी गळती पूर्वायुष्याची. त्या मुलीचे आधी कोणाशी तरी संबंध होते हे वैद्यकीय तपासणीच्या आधाराने निकालात येतं. तपासणी म्हणजे तीच ती दोन बोटांची चाचणी. विधी आयोगाने १९८० च्या ८४ व्या अहवालात पूर्वायुष्याचा पुरावा रोखायची शिफारस केली होती. सरकारने ती घेतली नाही. फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी १९९२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त त्या दशकातल्या कायद्यांचा जो हिशोब मांडला, त्यात हे नेमकं पकडलं आहे: शिक्षा वाढवणं सोपं, पुराव्याचे नियम बदलणं अवघड, म्हणून सोपं ते झालं. माझ्या मते या विषयावरचा हा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी उद्धृत होणारा लेख आहे. कारण तो वाचला की आगगाडी रुळावरून घसरते.

आता 'प्रादेशिक सहकार्य'. या शीर्षकाखाली सगळे सार्क लिहितात. सार्कचा २००२ चा काठमांडूचा करार आहे, पण तो स्त्रिया आणि मुलांच्या देहव्यापारासाठी होणाऱ्या तस्करीपुरता. आफ्रिकेत २००३ चा मापुटो प्रोटोकॉल आहे, अमेरिका खंडात १९९४ चा बेलेम दो पाराचा करार आहे. दक्षिण आशियात तसा करारही नाही आणि मानवी हक्कांचं प्रादेशिक न्यायालयही नाही. सीडॉचंही तारखा बघून लिहा. करार डिसेंबर १९७९ चा, भारताने मान्यता दिली १९९३ मध्ये, तीही समाजांच्या वैयक्तिक बाबींत त्यांच्या पुढाकाराशिवाय हात घालणार नाही अशी पुस्ती जोडून. मग १९८३ चा कायदा 'सीडॉच्या प्रभावाने' कसा? सीडॉचा ठोस उपयोग आपल्याकडे दिसतो तो १९९७ च्या विशाखा निकालात. आणि फिलिपिन्सच्या एका स्त्रीच्या तक्रारीवर सीडॉ समितीने २०१० मध्ये जे म्हटलं, की शारीरिक प्रतिकार नव्हता म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, ते आपल्या वडशाच्या खटल्याचंच उत्तर आहे. पण भारत त्या कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमध्ये नाही, त्यामुळे इथली स्त्री त्या दारात जाऊ शकत नाही.

मग सहकार्य झालंच नाही का? झालं, पण शिखर परिषदेच्या फोटोत ते दिसत नाही. भारत, पाकिस्तान, बांगलादेश तिघांकडे १८७२ चा एकच इंग्रजी पुरावा कायदा वारशात आला. त्यातल्या कलम १५५(४) नुसार फिर्यादी स्त्री 'चारित्र्यहीन' आहे असं दाखवून तिची साक्ष पाडता येत होती. भारताने ते २००२ च्या दुरुस्तीने काढलं. पाकिस्तानने, तिथल्या कायद्यातलं तेच वाक्य, २०१६ मध्ये. बांगलादेशाने २०२२ मध्ये. दोन बोटांच्या चाचणीचंही तसंच. आपल्याच विदर्भात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये तिच्यावर अभ्यास मांडला आणि विषय नागपूर खंडपीठात गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये लिल्लू खटल्यात ती हक्कांचा भंग ठरवली. ढाक्याच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बंदी घातली. लाहोरला जानेवारी २०२१ मध्ये न्या. आयेशा मलिक यांनी ती घटनाबाह्य ठरवली आणि निकालात भारत-बांगलादेशाच्या निकालांचा दाखला घेतला. आणि तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. बंदी कागदावर आली तरी डॉक्टरच्या फॉर्ममध्ये आणि जुन्या पाठ्यपुस्तकात चाचणी जिवंत होती. सरकारं एकमेकांशी बोलत नव्हती त्या वर्षांतही न्यायालयं, डॉक्टर आणि बायकांच्या संघटना एकमेकांचे कागद वाचत होत्या. तुमच्या प्रकरणाचं शीर्षक 'प्रादेशिक सहकार्य'च ठेवा, फक्त खाली सार्कच्या ठरावांची यादी न देता हा प्रवास लिहा.

ज्यांना याच खटल्यावर काम करायचं आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. सुरुवात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून करू नका. आधी १९७६ चा नागपूरचा निकाल मिळवा, मग सत्र न्यायालयाचा. आणि वाचताना एक वेगळी वही ठेवा: ती मुलगी बोलली ते तिच्या भाषेत, ठाण्यात लिहिलं गेलं पोलिसाच्या मराठीत, आपल्यापर्यंत आलं न्यायाधीशांच्या इंग्रजीत. 'कन्सेंट' हा शब्द यातल्या कुठल्या टप्प्यावर पहिल्यांदा आला, तिच्या तोंडी 'राजी' होतं, 'मर्जी' होतं की यातलं काहीच नव्हतं, हे तपासत जा. काही सापडलं तर मला कळवा. माझं चौथं प्रकरण सध्या तिथेच अडलं आहे.