फौज पाठवण्यात आली

श्रीलंकेत गेलेल्या आपल्या शांतिसेनेवरची तीन इंग्रजी पुस्तके मी गेल्या पावसाळ्यात ओळीने वाचली. पहिले लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग यांचे, १९९२ साली आलेले. ते तेव्हा पुण्याच्या सदर्न कमांडचे प्रमुख होते आणि लंकेतल्या सगळ्या फौजेची सूत्रे त्यांच्याकडे होती. दुसरे जे. एन. दीक्षित यांचे ‘असाइनमेंट कोलंबो’, १९९८ चे. दीक्षित कोलंबोत भारताचे उच्चायुक्त होते. तिसरे मेजर जनरल हरकिरत सिंग यांचे ‘इंटरव्हेन्शन इन श्रीलंका’, २००७ चे. हे ५४ व्या इन्फंट्री डिव्हिजनचे प्रमुख, सुरुवातीला लंकेत उतरलेल्या फौजेचे सेनापती.

बेळगावच्या बाईला फौज नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्याच गावात. शांतिसेनेत मराठा पलटणीचे जवानही होते. त्यामुळे ही पुस्तके परक्याची गोष्ट म्हणून वाचणे मला जमले नाही.

तिन्ही पुस्तके वाचनीय आहेत. दीक्षितांची भाषा सफाईदार, मुत्सद्द्याला शोभणारी. दोन्ही सेनानींची सरळ, कुठे कुठे रागावलेली. हरकिरत सिंग तर लिहितात की, बोलणी करायला येणाऱ्या प्रभाकरनला तिथेच मारून टाका असे दीक्षितांनी आपल्याला सांगितले आणि आपण ते मानले नाही. केवढा मोठा आरोप आहे हा! पण तिन्ही पुस्तकांतले भांडण शेवटी एकाच घरातले वाटते. सेनापती म्हणतो, वकिलातीने घोळ केला. वकिलात म्हणते, फौजेचा अंदाज चुकला. दोघांचे बोट मधूनमधून दिल्लीकडे जाते, आणि दिल्ली म्हणजे पंतप्रधान, त्यांचे सल्लागार, गुप्तहेर खाते. आपण मते देऊन निवडून दिलेली लोकसभा मात्र या गोष्टीत शोधावी लागते. मला या पुस्तकांचे सर्वांत मोठे न्यून वाटते ते हेच. पण हे न्यून लेखकांचे नाही. जे घडलेच नाही ते ते तरी कुठून लिहिणार?

घडले काय ते थोडक्यात सांगते. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. कराराला एक परिशिष्ट आहे. त्यात म्हटले आहे की युद्धबंदी पाळली जावी म्हणून, गरज पडली तर, श्रीलंकेचे अध्यक्ष भारतीय शांतिसेनेला निमंत्रण देऊ शकतील. परिशिष्टातल्या या एका कलमावर आपली फौज समुद्रापलीकडे गेली. हत्यारे खाली ठेवून घ्यायला गेलेली ही माणसे, पण १० ऑक्टोबरला जाफन्यात ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले आणि तमीळ वाघांशी त्यांचे उघड युद्ध जुंपले. एकेकाळी सत्तर हजारांवर जवान तिथे होते. मुंबईत जन्मलेले महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ च्या चकमकीत वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला परतली तोवर बाराशेच्या आसपास जवान कामी आले होते. मद्रासच्या बंदरात उतरलेल्या जवानांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

आता यात कुणाला किती अधिकार होता ते बघा. फौज बोलवायचा अधिकार श्रीलंकेच्या अध्यक्षांना. जूनच्या सुरुवातीला, १९८९ मध्ये, नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीर केले की २९ जुलैपर्यंत भारतीय फौजेने जावे. म्हणजे ‘या’ म्हणायचा आणि ‘जा’ म्हणायचा, दोन्ही अधिकार दुसऱ्या देशाच्या अध्यक्षांकडे. आपल्या पंतप्रधानांना पाठवायचा अधिकार. आणि ज्यांच्या घरची मुले गेली त्यांनी निवडलेल्या सभागृहाला? सरकारने निवेदने केली, खासदारांनी प्रश्न विचारले. पण पाठवायचे की नाही, किती, किती दिवस, यावर सभागृहाची मंजुरी घेतलीच पाहिजे असा नियम तेव्हा नव्हता. आजही नाही. शांतता राखण्याचे काम लढाईचे झाले तेव्हाही पुन्हा विचारण्याची गरज पडली नाही.

संसद त्या दिवसांत झोपली होती असेही नाही हं. त्याच ऑगस्टमध्ये बोफोर्स तोफांच्या दलालीची चौकशी करायला संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. अध्यक्ष होते बी. शंकरानंद, आपल्या चिक्कोडीचे खासदार. त्या समितीवर विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि तिच्या अहवालाने फारसे कुणाचे समाधान झाले नाही, ते असो. पण बघा, तोफ विकत घेताना कुणी पैसे खाल्ले हे विचारायला समिती, आणि तोफेमागचा माणूस कुठे पाठवला हे विचारायला काहीच नाही. घरात तेलाच्या डब्याचा हिशेब मागावा आणि मुलगा रात्री कुठे गेला ते विचारू नये, तशातली गत.

राज्यघटना उघडून बघितली तर कोडे आणखी वाढते. कलम ५३ म्हणते, संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आणि त्याचा वापर कायद्याने नियमित केला जाईल. सातव्या अनुसूचीत संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, करारमदार, युद्ध आणि शांतता हे सगळे विषय संघसूचीत आहेत. म्हणजे कायदा करायची वाट संसदेला मोकळी आहे. तरी परदेशी फौज पाठवण्यावर देखरेखीचा असा कायदा तिने केला नाही. उलट देशात आणीबाणी जाहीर केली तर कलम ३५२ प्रमाणे एका महिन्यात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, तीही खास बहुमताने. एखाद्या राज्यात राष्ट्रपती राजवट आणली तर दोन महिन्यांत मंजुरी लागते. सरकार बरखास्त करायला सभागृहाला विचारायचे, आणि हजारो मुलांना समुद्रापार धाडायला विचारायचे नाही?

यावर उत्तर ठरलेले असते. युद्धाची गोष्ट आहे, गुप्तता लागते, वेळ नसतो. खरे आहे. ३ नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये बंड झाले, अध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि काही तासांत आग्र्याहून निघालेले आपले छत्रीधारी जवान तिथे उतरले. तेव्हा अधिवेशन बोलवत बसलो असतो तर मदतीला अर्थ राहिला नसता. पण लंकेचे काम काही तासांचे नव्हते. ते अडीच वर्षे चालले. आधी विचारता आले नाही तर पोचल्यावर महिनाभरात विचारावे, आणि नकार आला तर परत आणावे. आणीबाणीला जो नियम चालतो तो इथे का चालू नये?

जर्मनीत तो चालतो. तिथल्या घटना न्यायालयाने १२ जुलै १९९४ ला निकाल दिला की परदेशी सशस्त्र मोहिमेला संसदेची संमती हवीच. २००५ मध्ये त्याचा कायदा झाला. सरकारने किती सैनिक, कुठे, किती काळ, कोणत्या कायद्याच्या आधारे आणि किती खर्चाने, हे लिहून द्यायचे. तातडी असेल तर आधी पाठवायचे, पण लगेच मंजुरी मागायची. संसद फौज परत बोलावूही शकते. आपण लग्नाची यादी याहून काटेकोर करतो की नाही?

मतदान घेतले म्हणजे सगळे सुधारते, असे मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १८ मार्च २००३ ला इराकवर ४१२ विरुद्ध १४९ मतांनी होकार दिला, आणि ज्या महासंहारक शस्त्रांचे कारण सांगितले ती सापडलीच नाहीत. खोट्या माहितीवर घेतलेली संमती ती कसली संमती? पण त्याच पार्लमेंटने २०१३ मध्ये सीरियाच्या वेळी २८५ विरुद्ध २७२ मतांनी सरकारला थांबवले. एकदा भाजलेल्यांना विचारायची सवय लागली होती, एवढे तरी खरे. आणि आपल्याकडेही २००३ च्या एप्रिलमध्ये लोकसभेने इराकयुद्धाची एकमताने निंदा केली, जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकला फौज पाठवायला नकार दिला. कायदा नसतानाही सभागृह बोलले तर त्याला वजन येते, याचा हा आपल्याच घरातला दाखला.

आपल्या पुराणात तर ही गोष्ट फार जुनी आहे. भरत आणि बाहुबली समोरासमोर उभे राहिले, दोन्हीकडची सैन्ये सज्ज झाली. तेव्हा दोन्हीकडच्या मंत्र्यांनी एकत्र बसून विचार केला की भांडण दोघा भावांचे, मग हजारोंचा संहार कशाला? त्यांनी सुचवले आणि दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध दोघांतच झाले. श्रवणबेळगोळला मान वर करून आपण बाहुबलीच्या त्यागापुढे हात जोडतो. त्या मंत्र्यांची नावे कुणी घेत नाही. पण ते बोलले नसते तर किती घरांचे दिवे गेले असते! चक्रवर्तीलाही विचारणारे कुणीतरी असावे लागते.

हिंसेचा हिशेब करताना आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भाग सांगतात: स्वतः केलेली, दुसऱ्याकरवी करवलेली, आणि होऊ दे म्हटलेली. लंकेत गेलेल्या जवानाने कृत केले, हुकूम देणाऱ्याने कारित. मग आपण? पैसा आपल्या करातून गेला, मुले आपल्या गावांतून गेली, आणि तिकडे जाफन्यात आयाबाया मेल्या त्या आपल्या नावाने झालेल्या लढाईत. तरी अनुमोदना द्यायची की नाही हे आपल्याला कुणी विचारले नाही, आपल्या प्रतिनिधीलाही नाही. विचारले असते तर कदाचित आपण होच म्हटले असते. पण मग त्या हो ची जबाबदारी आपली झाली असती, आणि परतलेल्या जवानांकडे पाठ फिरवणे इतके सोपे गेले नसते.

वर्तमानपत्रांचे मराठी एका वाक्यावर चालते: फौज पाठवण्यात आली. कॉलेजात आम्हाला शिकवले होते, वाक्यात आधी कर्ता शोधा. या वाक्यात तो सापडत नाही. तीन पुस्तके वाचूनही मला एक कर्ता मिळाला नाही, एकमेकांकडे बोट दाखवणारे पुष्कळ मिळाले. तरी ती वाचा. सेनानींची चिडचीड आणि मुत्सद्द्याची सफाई यांच्या मधल्या जागेत, न विचारता गेलेल्या आणि न परतलेल्या मुलांची सावली दिसते.

लोकसभेच्या निवडणुकीत उमेदवार दारात येतो तेव्हा आपण पाणी, गटार, रस्ता विचारतो. विचारायलाच हवे. त्यासोबत हेही विचारावे: उद्या पुन्हा फौज परदेशी निघाली, तर पाठवणाऱ्यांना तुम्ही किती माणसे, किती दिवस, कशासाठी, हे विचाराल का? आणि उत्तर पटले नाही तर नको म्हणाल का?