‘कच्चे’ कशाला म्हणायचे?

घराचे ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ असे दोन प्रकार आपण वर्गात शिकवतो. जनगणनाही घरांची विभागणी भिंती व छपराच्या साहित्याचा टिकाऊपणा पाहूनच करते. गडचिरोलीच्या जंगलातील माडिया गोंडांचे, बांबूच्या कुडावर माती लिंपलेले, कवेलूंचे घर या हिशेबात पक्के ठरत नाही. हा हिशेब अपुरा आहे.

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ अंशांपुढे जातो. तापलेला पत्रा दुपारी आणि सिमेंटचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. पुढे आलेले छप्पर भिंतीला ऊन लागू देत नाही. बांबू जंगलातला, माती गावातली. गावाच्या बैठकीला गोटूल असते. म्हणजे घराची गरजही गावाच्या रीतीवर ठरते.

अर्थात, कुडाला वाळवी लागते, पावसाळ्यापूर्वी छप्पर फेरावे लागते. म्हणून सिमेंटच्या घराची मागणी खोटी नव्हे. पण टिकाऊपणा हा एकच निकष का?

एप्रिलमध्ये मुलांकडून दोन्ही प्रकारच्या घरांत दुपारी दोनला आणि रात्री दहाला तापमान मोजून घ्या. ‘कच्चे’ कोणते, ते मग त्यांनाच ठरवू द्या.