रकान्याबाहेरचा कुडा

यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम आणि गोंडांच्या वनौषधींवरचे शोधनिबंध मी बरीच वर्षे जमवतो आहे. बांधणी बहुधा एकच: शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, उपयुक्त भाग, रोग. ‘स्थानिक नाव’ म्हणजे बहुतेक वेळा मराठी नाव. कोलामी ही द्राविड कुळातली स्वतंत्र भाषा. तिचा शब्द या रकान्यात क्वचितच दिसतो. सांगणारा तर ‘वयस्क आदिवासी व्यक्ती’ एवढाच उरतो.

कुडाच घ्या. तक्त्यात ‘कुडा, साल, आमांश’ अशी ओळ असते. माझ्याही वहीत होती. झरी जामणी तालुक्यातल्या एका पोडावर ती वाचून दाखवली, तर तिथली म्हातारी हसली. “कोणता कुडा, भाऊ?” औषधाचा तो पांढरा. काळा कुडा दिसायला त्याच्या जवळचा, आणि सालीत भेसळ होते ती त्याचीच. काळ्याच्या कोवळ्या शेंगा जोडीने टोकाशी जुळलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. तरीही शंका राहिली तर बी चाखायचे. कडू तो औषधाचा. (कडू आणि गोडे इंद्रजव हा बाजारातला भेदही हाच.) मग म्हणाली, “दोन दिसात रक्त नाही थांबलं, त दवाखान्यात न्यायचं.” आपले औषध कुठे थांबते हे ठाऊक असणे, हे ज्ञान नव्हे काय? त्याला रकाना नाही.

हा नुसता पद्धतीचा दोष असता तर मी एवढा हट्टाला पेटलो नसतो. २००२च्या जैवविविधता कायद्याने अशा ज्ञानाच्या व्यापारी वापरातून ज्ञानधारकांना वाटा देण्याची तरतूद केली. २०२३च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला त्यातून सूट दिली. कुडा आयुर्वेदात ‘कुटज’ म्हणून आहेच. म्हणजे पोडावरून आम्ही आणलेली ओळ आधीच ग्रंथातली. तिच्यावर कोलामांनी हक्क कसा सांगावा? आणि जे त्यांचे स्वतःचे, म्हणजे कोणत्या नाल्याकाठची साल, केव्हा काढायची, किती सोलली तर झाड जगते, ते आम्ही लिहिलेच नाही.

केरळातल्या काणी आदिवासींनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा दाखवली. तिच्यापासून ‘जीवनी’ हे औषध झाले आणि परवाना-शुल्काचा निम्मा वाटा काणींसाठी ठेवला गेला. कोणी दाखवले, हे तिथे विसरले गेले नव्हते.

मी वही पुन्हा उघडली आणि कुड्याचे कोलामी नाव विचारले. म्हातारीने आधी मलाच विचारले, “हे लिवून कोणाले देशील?”