सातवा भाग कुणाकडे आहे?

माणसाने आयुष्यात एकदा तरी जाहीर व्याख्यान द्यावे. आपल्याला काय काय येत नाही, याची यादी त्यामुळे फुकटात मिळते. मला ती १९८४ साली मिळाली. तालुक्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवत होतो, वय तिशीच्या आसपास होते आणि मिशी नुकतीच समीक्षकासारखी दिसू लागली होती. तेवढ्या भांडवलावर तिथल्या वाचनालयाने वार्षिकोत्सवात मला उभे केले. विषय मीच सुचवला होता: 'मराठी ऐतिहासिक कादंबरी : एक गोड गैरसमज'.

व्याख्यान मी मोठ्या हिरिरीने ठोकले. हरिभाऊ आपट्यांना तेवढे सोडले, कारण हरिभाऊंना हात लावला तर मराठीच्या प्राध्यापकाची नोकरी जाते असे मला उगाचच वाटत असे. 'उषःकाल' १८९५ पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येत होती तेव्हा लोक पुढच्या अंकाची कशी वाट पाहत, हे सांगून मी त्यांना नमस्कार केला आणि मोर्चा वळवला तो नाथमाधवांकडे. वेषांतरे मोजली. भुयारे मोजली. नेमक्या क्षणी नेमक्या वळणावर उगवणारे घोडेस्वार मोजले. 'ज्या काळात टपाल नव्हते, त्या काळात हे लोक इतक्या वक्तशीरपणे एकमेकांना भेटत कसे?' असा एक विनोदही केला. लोक हसले. मी आणखी फुगलो. 'वाचकांनी आता वयात यावे,' असे सांगून मी खाली बसलो. टाळ्या पडल्या. माझ्यामागून चहा येणार होता, हे मला तेव्हा माहीत नव्हते.

चहाच्या वेळी धोतर-कोट-टोपीतले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

"व्याख्यान छान झालं हं, प्रोफेसरसाहेब."

"आभारी आहे."

"एक विचारायचं होतं. पाचवा भाग आपल्याकडे आहे का?"

"कशाचा?"

"'स्वराज्याची घटना'. ग्रंथपाल म्हणाले, आपण नेलाय. चार महिने झाले. म्हणजे घाई नाही, आपलं काम महत्त्वाचं. पण मला वाटलं, व्याख्यान झालं, आता कदाचित..."

वाचकहो, पुस्तक माझ्याकडेच होते. व्याख्यानासाठी म्हणून नेलेले, चाळीस पाने वाचून पलंगाखाली गेलेले, आणि त्यावर माझी हवा भरायची पिशवी, म्हणजे फिरतीवर न्यायची उशी, ठेवलेली. ज्या मालिकेची मी तासभर साले काढली तिचे मी एकूण साडेतीन भाग वाचले होते, तेही अधूनमधून. आणि ज्याला मी वयात यायला सांगितले होते, तो सत्तरीचा वाचक माझ्या पलंगाखालच्या पुस्तकाची चार महिने वाट पाहत होता.

घरी आलो. पुस्तक झाडले. उद्या परत करायचे तर निदान उरलेले चाळून टाकू, म्हणून रात्री नऊला उघडले. मिटले तेव्हा दूधवाला आला होता. सकाळी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो समीक्षेचा नव्हता. तो असा होता : सहावा भाग कुणाकडे असेल?

आता या सात भागांविषयी थोडे. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, १८८२ चा जन्म, १९२८ चा मृत्यू. शिवशाहीवरची ही मालिका त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या दशकात लिहिली. नावे एका ओळीत वाचून पाहा : स्वराज्याचा श्रीगणेशा, स्वराज्याची स्थापना, स्वराज्याचा कारभार, स्वराज्यावरील संकट, स्वराज्याची घटना, स्वराज्याचे परिवर्तन, स्वराज्यातील दुफळी. मराठी माणसांनी काढलेल्या कोणत्याही संस्थेचा संपूर्ण इतिहास या सात नावांत आला आहे. आधी श्रीगणेशा, मग कारभार, कारभारामुळे संकट, संकट आल्यावर घटनेची शोधाशोध, आणि शेवटी दुफळी! आमचे वाचनालयही तेव्हा सहाव्या भागात होते.

त्या रात्री मला पहिल्यांदाच एक गोष्ट कळली. ऐतिहासिक कादंबरीचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. अफझलखान १६५९ साली प्रतापगडाखाली पडणार, महाराज १६६६ साली आग्र्याहून निसटणार, १६७४ साली राज्याभिषेक होणार, हे चौथीतल्या पोरालाही तोंडपाठ. मग छाती धडधडते ती कोणासाठी? ज्यांची नावे बखरीत नाहीत त्यांच्यासाठी. एखादा पोरसवदा मावळा, त्याची वाट पाहणारी मुलगी, दिंडीदरवाजा उघडणारा म्हातारा पहारेकरी. महाराजांच्या सुटकेची हमी इतिहास देतो. यांची कोणीच देत नाही. त्यांचा जीव सर्वस्वी लेखकाच्या हातात असतो, म्हणून वाचक त्या लेखकाला घरचा माणूस करून टाकतो. घरच्या माणसाच्या हातात जीव असलेला बरा! आणि घरच्या माणसाचे दोष काय आपल्याला दिसत नाहीत? काका तीच गोष्ट दहादा सांगतात, हे सगळ्या घराला ठाऊक असते. म्हणून दिवाळीला काकांना बोलवायचे कोणी थांबवत नाही. मी भुयारे मोजत होतो. वाचकांनी ती माझ्या आधीच मोजली होती, आणि सोडून दिली होती.

हे प्रेम एका नाथमाधवांच्याच वाट्याला आले असेही नाही. वि. वा. हडपांच्या 'कादंबरीमय पेशवाई'चे भाग लोकांनी असेच एकामागून एक संपवले. गो. नी. दांडेकरांनी 'बया दार उघड'पासून 'हे तो श्रींची इच्छा'पर्यंत शिवकाळावर पाच कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांचे वाचक तर पुस्तक मिटून थेट गड चढायलाच निघत. गोनीदांनी आयुष्यभर गड पायाखाली घातले होते. कुठल्या वाटेवर पाणी आहे आणि कुठे घसरायला होते, हे त्यांना चालून माहीत होते. वाचकाचा त्यांच्यावरचा विश्वास अनुभवाच्या दाखल्यावर उभा होता.

नाथमाधवांकडे असा दाखला नसणार, असे मी व्याख्यानात ठासून सांगितले होते. 'खोलीत बसून घोडे दौडवणारे लेखक' हे माझे शब्द. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करायला गेलो तेव्हा ग्रंथपालांनी सहज सांगितले, "ते खोलीत होते हे खरं आहे हो. ऐन तारुण्यात शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडले. कमरेखाली लुळे झाले ते कायमचे. त्या पडण्यानंतर वाचू लागले आणि मग लिहू लागले."

मी काही बोललो नाही. ज्याला उठून दारापर्यंत जाता येत नव्हते त्याने पानोपानी माणसे घोड्यावर घातली, कडे चढवली, रात्रीतून कोस कोस पळवली. ज्या गडाने पाय नेले त्या गडांच्याच मुलखात तो पुन्हा पुन्हा गेला. नेमक्या वेळी येणारे ते घोडेस्वार मला त्या दिवसापासून हास्यास्पद वाटेनासे झाले. कुणीतरी वेळेवर यावे, असे त्या माणसाला किती वाटले असेल! समीक्षेत असे बोलू नये, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. कादंबरीतले दोष लेखकाच्या दुखण्याने भरून निघत नाहीत, हेही खरेच. पण घोडा खोटा असला तरी धावण्याची ओढ खरी होती, आणि वाचकाला ती पोचत होती. मला ती पोचायला ग्रंथपाल लागले.

पुस्तक गुरुजींकडे मीच घेऊन गेलो. प्रायश्चित्त म्हणा हवे तर. ओसरीवर त्यांच्या पत्नी तांदळात हात घालून खडे चाचपत बसल्या होत्या. काचबिंदूने नजर गेलेली. गुरुजी मोठ्याने म्हणाले, "अगं, पाचवा आला!"

काकूंनी सूप बाजूला ठेवले. "द्या इकडे," म्हणाल्या, आणि हातात घेऊन पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवले. मग मला सगळी हकिकत कळली. माहेरी त्यांच्या वडिलांकडे मालिका होती. चौथा भाग संपला त्या आठवड्यात लग्न झाले. साल १९३६. सासर आडगावी, गुरुजींच्या बदल्याही आडगावीच. शाळेत नकाशा आणि खडू एवढेच ग्रंथभांडार. मग मुले, आजारपणे, चूल.

"संसारात पाचवा भाग कोण शोधतंय?" काकू म्हणाल्या. "पण रात्री निजताना मनात यायचं हो कधी कधी. त्या लोकांचं पुढं काय झालं असेल?"

निवृत्तीनंतर गुरुजी या गावात आले, वाचनालयात मालिका दिसली, आणि रोज संध्याकाळी त्यांनी पहिल्या भागापासून वाचून दाखवायला सुरुवात केली. चार भाग झाले. पाचवा माझ्या पलंगाखाली! अठ्ठेचाळीस वर्षे संसाराने अडवले होते, वर चार महिने समीक्षेने.

सहावा भाग मी स्वतः पोचवला. सातवा वाचनालयातून केव्हाच गडप झाला होता. गावात घरोघर विचारले, कुणाकडे नाही. पुण्याला पेपर तपासायला गेलो तेव्हा जुन्या पुस्तकांच्या ढिगात दोन दिवस वाकून तो मिळवला, तोही बिनपुठ्ठ्याचा. रात्री एसटीत तो उघडायचा मोह झाला. उघडला नाही. रांगेत माझ्या पुढे माणसे होती.

महिन्याभराने गेलो तेव्हा सातवा भाग देवाजवळच्या कोनाड्यात होता.

"झाला वाचून?" मी विचारले.

गुरुजी हसले. "शेवटचं प्रकरण ही वाचूच देत नाही."

"राहू दे," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं पुढचं काहीतरी वाचायचं उरलं होतं. त्याची सवय झालीय. तुम्ही आता पुन्हा पहिला घेऊन या."

मी पुस्तक हातात घेतले. शेवटच्या प्रकरणाशी खूण म्हणून कागदाचा एक घडी घातलेला कपटा होता. अक्षर ओळखीचे वाटले. 'वेषांतरे : ११, भुयारे : ४.' माझ्या व्याख्यानाचे टिपण पाचव्या भागात राहिले होते. मी ते तिथेच राहू दिले. त्याचा याहून चांगला उपयोग मलाही सुचला नसता.