अंश आणि छेद : पी. साईनाथ यांची वार्तांकनपद्धती व नांदेड-लातूरचे वर्तमान

प्रस्तावना

मराठवाड्याच्या दुष्काळाविषयी आणि आरोग्याविषयी वृत्तपत्रांतून आकडे पुष्कळ येतात. परंतु आकडा छापणे आणि आकडा वाचणे या दोन भिन्न क्रिया आहेत. हा भेद ज्यांच्या लेखनातून स्पष्ट होतो, अशा पत्रकारांमध्ये पी. साईनाथ यांचे स्थान महत्त्वाचे आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या वार्तांकनपद्धतीचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासून, नांदेड व लातूर येथील दोन घटनांच्या संदर्भात तिची उपयुक्तता पाहावयाची आहे.

पद्धतीचे स्वरूप

'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे उपसंपादकपद सोडून साईनाथ 1993 मध्ये एका अभ्यासवृत्तीच्या आधारे देशातील अत्यंत गरीब जिल्ह्यांत फिरू लागले. त्यातून 1996 मध्ये इंग्रजी ग्रंथ सिद्ध झाला. त्याचा मराठी अनुवाद हेमंत कर्णिक यांनी 'दुष्काळ आवडे सर्वांना' या नावाने केला. ग्रंथात ग्रामीण आरोग्यावर स्वतंत्र विभाग आहे. दारिद्र्य ही घटना नसून प्रक्रिया आहे, ही या लेखनामागील मूळ भूमिका होय. घटना एका दिवसात संपते. प्रक्रिया समजण्यासाठी मुक्काम करावा लागतो. दैनिकाच्या रोजच्या धबडग्यातून मिळालेल्या मोकळिकीमुळेच हे शक्य झाले.

पुढे शेतकरी आत्महत्यांसंबंधी लिहिताना त्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वापरली. 1995 ते 2010 या काळात 2,56,913 आत्महत्यांची नोंद झाली, ही बेरीज सर्वत्र उद्धृत होते. तथापि, समीक्षकाच्या दृष्टीने त्यांचे 2013 मधील विवेचन अधिक मोलाचे ठरते. 2001 च्या जनगणनेत देशात सुमारे 12.73 कोटी शेतकरी होते. 2011 मध्ये ते 11.88 कोटींवर आले. छेद लहान होत असताना अंश तेवढाच राहिला तरी प्रमाण वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. 2014 पासून वर्गवारीत बदल होऊन शेतमजुरांचा वेगळा वर्ग झाला. 2013 मधील 11,772 हा शेतकरी आत्महत्यांचा आकडा 2014 मध्ये 5,650 झाला. मात्र शेजारच्या रकान्यात 6,710 शेतमजूर होते. संकट ओसरले नव्हते, रकाना बदलला होता.

मर्यादा

या कामगिरीला मर्यादाही आहेत. लोकांच्या स्मरणात एकूण बेरीजच राहिली, प्रमाण राहिले नाही. लेखांच्या मथळ्यांनीही बेरजेलाच बळ दिले. दुसरे असे की, मूळ लेखन इंग्रजीत असल्याने ज्याच्याविषयी लिहिले त्या वाचकापर्यंत ते उशिरा पोहोचले. 2014 मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या उपक्रमातून मराठीसह अनेक भाषांत मजकूर देऊन त्यांनी ही उणीव काही अंशी भरून काढली आहे.

आपल्या परिसरातील दोन उदाहरणे

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आकडा डोळे दिपविणारा होता. परंतु 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. म्हणजे माणशी जेमतेम सव्वा लिटर. हा साधा भागाकार केला असता, तर रेल्वेच्या स्वागताबरोबरच शहराच्या पाणीनियोजनाची चर्चाही तेव्हाच झाली असती.

नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या चोवीस तासांत 24 रुग्णांचा मृत्यू झाला. त्यांत 12 नवजात बालके होती. एका खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करून घेतले आणि त्या दृश्याने बातम्यांचा बराच अवकाश व्यापला. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. येथेही प्रश्न छेदाचाच आहे. त्या दिवशी दाखल रुग्ण किती होते, खाटा किती, बाहेरून अत्यवस्थ अवस्थेत किती पाठविले गेले, आणि इतर महिन्यांतील रोजचे मृत्यू किती? या उत्तरांवाचून 24 हा आकडा एका बाजूला भय निर्माण करतो, तर दुसऱ्या बाजूला 'एवढे मृत्यू नेहमीचेच' असे म्हणण्याची सोय करून देतो. आणि ते खरोखरच नेहमीचे असतील, तर ती अधिक गंभीर बातमी होय.

समारोप

साईनाथ यांच्या लेखनाचा खरा वारसा करुणेत नाही, छेद शोधण्याच्या सवयीत आहे. मुक्त पत्रकाराला वेळ मिळतो, पण पाठीशी संस्था नसते. अभ्यासवृत्ती संपली की मुक्कामही संपतो. आपल्या महाविद्यालयांकडे मात्र संस्था आहे, गावोगावचे विद्यार्थी आहेत आणि सांख्यिकी शिकविणारे प्राध्यापकही आहेत. ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंदवही आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण नोंद वर्षानुवर्षे अभ्यासली गेली, तर पुढील दुर्घटनेच्या वेळी छेद आधीच हाताशी असेल. तो नसल्यामुळे मृतांचा आकडा चार दिवस गाजतो आणि पाचव्या दिवशी विसरला जातो. त्याची जबाबदारी केवळ पत्रकारांवर टाकून आपणांस मोकळे होता येणार नाही.