‘मोंतायू’ : घर, गढी आणि सरंजामी सत्ता – एका ग्रंथाची चिकित्सा

प्रास्ताविक :

फ्रान्समधील ‘आनाल’ संप्रदायाच्या इतिहासलेखनात इमॅन्युएल ल रॉय लादुरी (१९२९–२०२३) यांच्या ‘मोंतायू’ या ग्रंथाला विशेष स्थान आहे. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात पिरेनीज पर्वतातील, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर वसलेल्या एका खेड्याचा १२९४ ते १३२४ या काळातील इतिहास आला आहे. गावाची लोकसंख्या जेमतेम अडीचशे होती. राजे, लढाया आणि तह यांना दूर ठेवून मेंढपाळ, गृहिणी, विधवा आणि गावचा धर्मगुरू यांना इतिहासाच्या मध्यभागी आणणारा हा ग्रंथ फ्रान्समध्ये अल्पावधीत लाखो वाचकांपर्यंत पोहोचला. १९७८ मध्ये त्याचा संक्षिप्त इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला आणि भारतीय विद्यापीठांतील अभ्यासकांना तो प्रामुख्याने याच रूपात परिचित झाला.

ग्रामीण जीवनाचे सूक्ष्म चित्रण म्हणून या ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे. तथापि मध्ययुगीन खेडे हे सरंजामी व्यवस्थेचा एक घटक होते. त्या व्यवस्थेला ग्रंथात कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने ग्रंथाची चिकित्सा केली आहे. लादुरी यांनी ‘घर’ ही संकल्पना केंद्रस्थानी ठेवून सरंजामी सत्ता गावाच्या परिसरात, म्हणजे पार्श्वभूमीवर ढकलली. परंतु त्यांनीच वापरलेल्या साधनांवरून ती सत्ता गावातील एका घराच्या आतच नांदत होती असे दिसते. हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

येथे ‘सरंजामशाही’ या शब्दाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठेशाहीतील सरंजाम म्हणजे फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला महसूल होय. तत्त्वतः तो वंशपरंपरागत नसे. पश्चिम युरोपातील सरंजामशाहीत भूमी, लष्करी सेवा, व्यक्तिगत निष्ठा आणि न्यायदानाचा अधिकार हे सर्व एकत्र गुंफलेले होते. मराठीत रूढ झालेला शब्द येथे याच अर्थाने योजला आहे.

आधारसामग्रीचे स्वरूप :

ग्रंथाचा मुख्य आधार म्हणजे पामिए येथील बिशप जाक फुर्निए यांच्या धर्मन्यायालयाचे दप्तर. फुर्निए १३१७ मध्ये बिशप झाले आणि पुढे १३३४ मध्ये बारावे बेनेडिक्ट या नावाने आव्हिन्यों येथे पोपच्या आसनावर बसले. १३१८ ते १३२५ या काळात त्यांच्या न्यायालयाने ३७० दिवस कामकाज करून ५७८ जबान्या घेतल्या. आरोपींत सुमारे २५ जण एकट्या मोंतायूचे होते. मूळ लॅटिन दप्तर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात असून जाँ दुव्हेर्नुआ यांनी १९६५ मध्ये ते तीन खंडांत संपादित केले.

या चौकशीला दीर्घ पार्श्वभूमी होती. दक्षिण फ्रान्समध्ये पसरलेल्या कॅथर पंथाविरुद्ध १२०९ ते १२२९ या काळात धर्मयुद्ध झाले आणि १२४४ मध्ये मोंसेग्युरचा किल्ला पडला. तरीही १३०० च्या सुमारास ऑथिए बंधूंनी डोंगराळ भागात पंथाला पुन्हा चालना दिली. १३०८ मध्ये कार्कासोनच्या धर्मन्यायालयाने मोंतायूच्या बहुतेक सर्व प्रौढ रहिवाशांना अटक केली. फुर्निए यांची चौकशी हे या दडपशाहीचे उत्तरपर्व होते.

गावकरी ओक्सितान भाषेत बोलत आणि लेखनिक ते लॅटिनमध्ये उतरवीत. ‘मी’ म्हणून केलेले कथन दप्तरात ‘तो म्हणाला’ असे होई. नंतर त्याची शुद्ध प्रत तयार केली जाई. म्हणजे खेडुताचा आवाज अभ्यासकापर्यंत येईतो तो किमान दोनदा दुसऱ्याच्या हातून गेलेला असे. लिओनार्ड बॉइल यांनी १९८१ मध्ये लादुरी यांच्या लॅटिन वाचनातील चुका दाखविल्या, तर रेनातो रोसाल्दो यांनी १९८६ मध्ये अधिक मूलगामी आक्षेप घेतला. लादुरी यांनी चौकशी करणाऱ्या बिशपला जणू मानववंशशास्त्रज्ञ मानले आणि त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याच्या हाती असलेली शिक्षेची सत्ता दृष्टिआड झाली, असा त्यांच्या टीकेचा आशय आहे.

गावाची घडण :

ग्रंथ १२९४ पासून सुरू होतो. गाव कधी आणि कसे वसले, ते टेकडीच्या उतारावर गढीखालीच का एकवटले, या प्रश्नांकडे लादुरी फारसे वळत नाहीत. याचे कारण त्यांच्या इतिहासदृष्टीत आहे. १९७३ मध्ये कॉलेज द फ्रान्समधील उद्घाटनपर व्याख्यानात त्यांनी ‘अचल इतिहास’ ही कल्पना मांडली होती. शतकानुशतके जवळजवळ न बदलणारा ग्रामसमाज हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. अशा दृष्टीला गावाचा उगम महत्त्वाचा वाटत नाही.

परंतु मध्ययुगीन खेडे हे निसर्गतः उगवलेले नव्हते. पिएर तुबेर यांनी १९७३ मध्ये मध्य इटलीतील लाझिओ प्रदेशाच्या अभ्यासातून असे दाखविले की, दहाव्या शतकापासून विखुरलेली वस्ती सरदारांनी तटबंदीच्या आत एकवटली. रोबेर फोसिए यांनी १९८२ मध्ये याच प्रक्रियेचा व्यापक विचार केला. माणसे गढी, चर्च आणि दफनभूमी यांभोवती जणू कोठड्यांत बंदिस्त केली गेली, असे त्यांचे विवेचन आहे. दक्षिण फ्रान्सच्या लांगदोक भागातील तटबंदीयुक्त गावांवर मोनिक बुरँ यांनी १९८७ मध्ये केलेला अभ्यास या चित्रात आणखी एक बाजू जोडतो. गाव घडताना तेथे ग्रामसमूहाचे स्वतःचे बळही उभे राहिले होते.

या पार्श्वभूमीवर मोंतायूची रचना बोलकी ठरते. टेकडीच्या माथ्यावर गढी, तिच्याखाली उतरत गेलेल्या घरांच्या रांगा, आणि सर्वांत खालच्या घरांच्या एकमेकींना लागलेल्या भिंती याच गावकुसाचे काम करीत. लादुरी यांनी हे वर्णन केले आहे, परंतु निसर्गदृश्य म्हणून. वस्तुतः तो सत्तेचा नकाशा आहे.

घराची संकल्पना :

लादुरी यांच्या विवेचनाचा गाभा म्हणजे ‘दोमुस’ किंवा स्थानिक भाषेतील ‘उस्ताल’. या शब्दांत वास्तू, कुटुंब, चूल, गुरे, जमीन, पूर्वज आणि प्रतिष्ठा या सर्वांचा समावेश होतो. गावकऱ्यांची निष्ठा प्रथम घराशी असे. पंथाचा प्रसारही व्यक्तीकडून व्यक्तीकडे न होता घराकडून घराकडे झाला. विवाह, वैर, मैत्री आणि फितुरी यांची संगती घराच्या आधारे लागते. मराठी वाचकाला ‘घराणे’ आणि ‘घर’ या शब्दांतील अर्थच्छटा ठाऊक असल्याने ही संकल्पना सहज पटते.

सत्तेचा विचार मात्र लादुरी यांनी पहिल्या प्रकरणात, भौगोलिक परिसराच्या जोडीने, उरकला आहे. फ्वाचा काउंट हा प्रदेशाचा अधिपती होता, तसाच मोंतायूचा प्रत्यक्ष जमीनमालकही होता. गावात त्याचे दोन प्रतिनिधी असत. किल्लेदार लष्करी बळ सांभाळी, तर कारभारी खंड वसूल करी आणि स्थानिक न्यायात भाग घेई. येथील सरदारवर्ग निर्धन होता, किल्लेदाराची पत्नी गावातील बायकांशी मोकळेपणाने बोलत असे, त्यामुळे वर्गभेदाची तीव्रता कमी होती, असे लादुरी सुचवितात. जबान्यांतील तपशील या निरीक्षणाला दुजोरा देतात. परंतु सरदार गरीब होते म्हणून सरंजामी सत्ता सौम्य होती, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

घरात शिरलेली सत्ता :

किल्लेदार बेरांजे द रोकफोर १२९८ च्या सुमारास मरण पावला. त्याची विधवा बेआत्रिस द प्लानिसोल हिची जबानी दप्तरातील सर्वांत विस्तृत जबान्यांपैकी एक आहे. वैधव्यानंतर तिचे गावच्या धर्मगुरूशी, पिएर क्लेर्गशी, संबंध जुळले. लादुरी हा प्रसंग प्रेम आणि लैंगिक नीतीच्या प्रकरणांत विस्ताराने हाताळतात. त्याचा राजकीय अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. गढीचे तेज ओसरले, तेव्हा गावातील अधिकार क्लेर्ग यांच्या घराकडे वळला होता. पिएर धर्मगुरू होता आणि त्याचा भाऊ बेर्नार काउंटचा कारभारी होता. चर्च आणि जमीनमालकी या सरंजामी व्यवस्थेच्या दोन्ही भुजा एका शेतकरी घरात आल्या होत्या.

या एकत्रित सत्तेचे परिणाम दप्तरात ठायी ठायी दिसतात. कॅथर पंथाशी जवळीक असूनही पिएर क्लेर्गने कार्कासोनच्या न्यायालयाशी संधान बांधले. १३०८ च्या अटकसत्रात त्याच्या विरोधकांची घरे भरडली गेली. मोर्स कुटुंबातील एका स्त्रीने त्याच्याविरुद्ध तोंड उघडले, तेव्हा तिची जीभ कापण्यात आली, असे त्या घरच्या जबानीवरून कळते. तिच्या मुलाने परागंदा होऊन मेंढपाळाचे जीवन पत्करले आणि मनात सूड जागा ठेवला. पिएर मोरी या मेंढपाळाला लादुरी यांनी मुक्त मनुष्याच्या रूपात रंगविले आहे. त्याच्या घरावरही पाखंडाच्या आरोपावरून आघात झाले होते. डोंगरवाटांवरील त्याच्या स्वातंत्र्यामागे उद्ध्वस्त चूल होती.

याचा अर्थ असा की, मोंतायूतील घरे ही समान बळाची, परस्परांशी स्पर्धा करणारी एकके नव्हती. त्यांपैकी एका घराजवळ खंडवसुली, न्याय आणि धर्म यांच्या किल्ल्या होत्या. ‘घर’ आणि ‘सरंजामी सत्ता’ असे दोन वेगळे कप्पे केल्यास हे वास्तव निसटते. पुढे फुर्निए यांनी क्लेर्ग बंधूंनाही कैद केले. पिएर तुरुंगातच मरण पावला आणि १३२४ मध्ये बेर्नारचाही अंत झाला. वरच्या सत्तेने दिलेले बळ तीच सत्ता काढून घेऊ शकत होती.

दशमांश आणि दप्तर :

आणखी एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो. साबार्तेस प्रदेशातील शेतकऱ्यांचा मोठा रोष खंडापेक्षा चर्चच्या दशमांशावर होता. मेंढरांच्या पिलांवरील ‘कार्नेलाज’ ही वसुली डोंगरी अर्थव्यवस्थेच्या मर्मावरच घाव घालणारी होती. तिच्या वसुलीबाबत आग्रही असलेला बिशप आणि पाखंडाची चौकशी करणारा बिशप एकच होता. काही आरोपी दशमांशाला विरोध केल्यामुळेच न्यायालयापुढे उभे होते. लादुरी यांनी या संघर्षाची नोंद घेतली आहे. मात्र ज्या दप्तरावर त्यांनी ग्रंथ उभारला, ते दप्तर स्वतःच या संघर्षातील एका पक्षाने निर्मिलेले होते, ही गोष्ट त्यांच्या निष्कर्षांत पुरेशी मुरलेली नाही. शेतकरी उठावांचा इतिहास सरकारी कागदांतून वाचताना कागद लिहिणाऱ्याची भूमिका आधी ओळखली पाहिजे, हे रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये वसाहतकालीन भारतासंदर्भात दाखवून दिले. तोच दंडक धर्मन्यायालयाच्या दप्तरालाही लागू पडतो.

समारोप :

या मर्यादांमुळे ‘मोंतायू’चे महत्त्व उणावत नाही. शासकांनी दडपणुकीसाठी केलेल्या नोंदींतून सामान्य माणसांची चूल, भीती, श्रद्धा आणि बोलणे पुन्हा उभे करता येते, हे या ग्रंथाने सिद्ध केले. त्यावर घेतलेले आक्षेपही त्यानेच खुल्या केलेल्या वाटेवर उभे राहून घेतले गेले आहेत. मात्र या ग्रंथाचे अनुकरण करताना अभ्यासकांनी एक सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल. सत्ता ही गावाबाहेरच्या गढीत राहते आणि गावात केवळ संस्कृती नांदते, अशी विभागणी सोयीची असली तरी ती खरी नाही. मोंतायूत खंड वसूल करणारा, पाप ऐकून घेणारा आणि शेजाऱ्याला न्यायालयाच्या हाती देणारा हात एकाच चुलीशी शेकला जात होता. खेड्याचा सरंजामी इतिहास लिहायचा, तर त्या चुलीपासूनच आरंभ करावा लागतो.