दमून आडवा झालेला राक्षस

माझी भाची नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती महाडला आली ती दोनशेपानी वही घेऊन. वहीत तिची कादंबरी. पाच मुलं आहेत, चौदा-पंधरा वर्षांची, आणि त्यांना रूप पालटता येतं. एक घार होते, एक खेकडा, एक म्हशीचं रेडकू. त्यांच्याविरुद्ध एक काळा राजा. मुलं मला लगेच आवडली. खेकडा होणारा पोरगा पुन्हा माणूस झाला की थोडा वेळ तिरकाच चालतो, हे वाचून तर मी वही मिटून तिच्याकडे बघतच राहिले. राजा मात्र पानापानावर नुसता गडगडाटी हसत होता. तिलाही ते खुपत होतं. संध्याकाळी आम्ही चवदार तळ्याच्या काठावर बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, माझा व्हिलन वाईट आहे एवढंच मला माहीत आहे. तो घरी गेल्यावर काय करतो तेच मला कळत नाही."

या प्रश्नाला मराठीत फार पूर्वी, १८७३ साली, एक उत्तर मिळालेलं आहे. जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’. हे पुस्तक आपण वाचतो ते विचारांसाठी. अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना ते अर्पण केलेलं आहे, त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला, एवढं शाळेतही सांगतात. पण त्या वहीतल्या हसऱ्या राजामुळे मी ते या वेळी गोष्ट म्हणून वाचायला घेतलं. तसं वाचलं की दिसतं, रूप पालटणाऱ्यांची आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दशावतारांची. मासा, कासव, डुक्कर, अर्धा सिंह, बुटका बटू. ती आपल्याला नेहमी रूप पालटणाऱ्याच्या बाजूने ऐकवलेली असते. जोतीरावांनी ती राक्षसाच्या ओसरीवर बसून सांगितली.

पुस्तक संवादात आहे. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव बोलतात. या दोघांमधला सूर मला फार मोलाचा वाटतो. धोंडीबाने पुराणं ऐकलेली आहेत, त्याला ती जवळजवळ पाठ आहेत, पण ऐकताना मनात आलेलं बोलायला आजवर जागा नव्हती. ती इथे मिळते. ब्रह्मदेवाच्या मुखातून माणूस जन्मला असेल, तर गर्भ तिथे किती दिवस वाढला, असे प्रश्न पहिल्याच भागात येतात. एखाद्या सुईणीने विचारावे तसे. अद्भुताला हात लावायचा तर आधी त्याचं बाळंतपण बघायचं, ही जोतीरावांची रीत आहे, आणि ती शेवटपर्यंत सुटत नाही.

वामनाच्या भागात तिची धार कळते. वामन म्हणजे आपल्या परंपरेतला खरा कोवळ्या वयाचा रूपधारी. मुंज झालेला पोर, हातात छत्री आणि कमंडलू, आणि तीन पावलं जमीन मिळताच आभाळाएवढा होतो. ही कथा ऐकताना आपली नजर त्याच्याबरोबर वर वर जाते. जोतीराव ती खाली वळवतात. पहिल्या पावलात पृथ्वी व्यापली, तर त्या तळपायाखाली किती गावं चिरडली? दुसरं पाऊल आभाळात पडलं तेव्हा तिथल्या ताऱ्यांचं काय झालं? आभाळ पावलानेच भरलं, तर त्याचं कमरेवरचं धड राहिलं कुठे? आणि एवढा देह मेल्यावर खांदेकरी कुठून आणले, सरपण कुणी पुरवलं?

मी हे भाचीला सांगितलं तेव्हा तिने वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं: ‘घार झाल्यावर कपडे कुठे जातात?’ तिला बरोबर कळलं होतं. रूप पालटण्याला वजन असतं, आणि ते वजन कुणाच्या तरी अंगावर पडतं. दोन पावलांच्या गोष्टीत त्या पावलांखालची गावं कुणीच मोजलेली नसतात. जोतीरावांनी ती मोजायला लावली. ही करुणा आहे, आणि ती युक्तिवादाच्या वेषात आली म्हणून आपल्या लक्षात राहत नाही.

पण माझ्या मते या पुस्तकाचा सगळ्यात देखणा भाग नृसिंहाचा. मूळ कथा सगळ्यांना ठाऊक आहे. खांब फुटतो, अर्धा माणूस अर्धा सिंह बाहेर पडतो, उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला, हिरण्यकशिपूचं पोट फाडतो. जोतीराव आपल्याला आधी नेतात ते रंगपटात. नृसिंह अंगाला रंग फासतो, खोटे दात लावतो, खोटी आयाळ चढवतो, वर लुगडं नेसून पदराआड तोंड लपवतो आणि वाड्यात जाऊन खांबांच्या आडोशाला उभा राहतो. एका चमत्काराचे असे चार-पाच सुटे भाग समोर मांडून ठेवले, की त्याच्याकडे बघायची आपली नजरच बदलते. अद्भुताची जागा कटाने घेतली, आणि तरी भीती कमी झाली नाही. उलट वाढली, कारण कट माणसं करतात.

आणि मग हिरण्यकशिपू घरात येतो. कसा? राज्याच्या कामाने दमलेला. विसावा घ्यावा म्हणून तो आडवा होतो. एवढंच. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पुराणात या माणसाला गर्व आहे, वर आहे, ब्रह्मदेवाकडून मिळवलेल्या अटी आहेत. थकवा कुठेच नाही. जोतीरावांनी त्याला थकवा दिला. दिवसभर काम करून आलेल्या बापाला जसा असतो तसा. त्या एका तपशिलाने राक्षस आपल्या घरातला होतो, आणि पुढच्या क्षणी खांबाआडून येणारी वाघनखं आपल्याच माणसावर चालून येत आहेत असं वाटतं. त्याच्या चांगुलपणाची यादी दिलेली नाही, त्याची बाजू मांडणारं भाषण नाही. तो आडवा होतो. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं, आणि ते मी तिला मुद्दाम लगेच सांगितलं नाही. पुस्तक तिच्या हातात दिलं.

बळीच्या वाट्याला यापेक्षा बरंच जास्त आलं आहे. त्याला राज्य आहे, कारभार आहे, माणसं आहेत. खंडोबा, जोतिबा, भैरोबा हे जोतीरावांच्या लेखी बळीच्या राज्यातले अंमलदार, आणि गावाच्या वेशीवर शेंदूर फासून बसलेला म्हसोबा हा मूळचा ‘महासुभा’. शब्दांच्या या फोडी भाषाशास्त्राला पटणाऱ्या नाहीत, आणि बाहेरून आलेल्या आर्यांची ती सगळी मांडणी त्या काळाची आहे. ते मला मान्य आहे. पण गोष्ट रचण्याच्या अंगाने बघा. जोतीराव बळीसाठी नवं काही कल्पून आणत नाहीत. वाचणाऱ्याच्या शेताच्या बांधावर, वेशीवर, देव्हाऱ्यात जे आधीपासून आहे तेच उचलतात आणि म्हणतात, ही त्याचीच माणसं. वामनाशी युद्ध चालू असताना बळीची राणी विंध्यावली वाट पाहते, आणि आपला नवरात्रात घट बसवण्याचा रिवाज त्यांनी त्या वाट पाहण्याला नेऊन जोडला आहे. म्हणजे शत्रू म्हणून ज्याची ओळख करून दिली, त्याचं सुतक आपण दरवर्षी पाळत आलो आहोत आणि आपल्यालाच ते माहीत नव्हतं. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असं म्हणून ओवाळणाऱ्या बाईला पुराणातला निकाल कधीच मान्य नव्हता. जोतीरावांनी तिच्या ओठांवरचं वाक्य पुस्तकात आणून त्याला साक्षीचा मान दिला.

आमच्या कोकणात याची आणखी एक खूण आहे. गुहागर-चिपळूणकडे शिमग्यात संकासुर निघतो. वेद पळवणारा, मत्स्यावताराने मारलेला तो शंखासुर हाच. काळा पेहराव, टोकदार टोपी, लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. लहान असताना त्या घुंगरांचा आवाज वाडीच्या तोंडाशी आला की मी माळ्यावर पळायचे. आणि आजी मला खाली उतरवून त्याच्याच पाया पडायला लावायची. मारला गेलेला असुर दरसाल अंगणात येतो आणि बायका त्याला नवस बोलतात. त्याच्याबरोबर गोमू नाचते. गोमू म्हणजे मिसरूड फुटायच्या वयाचं पोरगं, लुगडं नेसलेलं. सकाळी वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा रात्री गोमू होतो आणि गाव त्याला गोमूच मानतं. रूप पालटणाऱ्या मुलांची गोष्ट लिहायला भाचीला परदेशी पुस्तकांकडे जायची गरज नव्हती.

जोतीरावांचं सगळंच मला पुरतं असं नाही. त्यांनी राक्षसाला घर दिलं, पण वामनाला आणि नृसिंहाला आतून काहीच दिलं नाही. ते कपटी आहेत, लोभी आहेत, आणि तेवढेच आहेत. बाजू बदलली, पण पोकळ खलनायक एक उरलाच. त्या काळात, त्या रागातून लिहिणाऱ्या माणसाकडून मी ते मागणार नाही. प्रल्हादाची मात्र हळहळ वाटते. जोतीरावांच्या कथेत त्या मुलाचं मन शिक्षकाकरवी फिरवलं जातं, बापाला मारायलाही सुचवलं जातं, आणि त्याचा हात उचलत नाही. केवढा ऐवज आहे हा! एक मुलगा, ज्याच्या मनाचंच रूप पालटलं आहे, आणि जो शेवटच्या क्षणी मुलगाच राहतो. जोतीराव त्याच्याजवळ फार थांबत नाहीत. त्यांना खांबापाशी पोहोचायची घाई आहे. परशुरामाला मात्र ते चांगला वेळ देतात. तो चिरंजीव आहे म्हणतात ना, मग त्याने सहा महिन्यांत हजर व्हावं अशी रीतसर जाहीर नोटीस त्यांनी त्याच्या नावे काढली आहे. ज्याने समुद्र हटवून कोकण वसवलं असं आम्हाला लहानपणापासून सांगितलं, त्याला तारीख दिलेली वाचताना अजूनही अंगावर काटा येतो.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. मी तिला तळ्याची हकिगत सांगू लागले. तिला ती धड्यातून माहीत होतीच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा मुंबई कायदेमंडळातला सीताराम केशव बोल्यांचा ठराव १९२३ चा. त्याला धरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली हे तळं खुलं केलं, पण ते कागदावर. प्रत्यक्षात अस्पृश्य म्हटलेल्या माणसाला इथे ओंजळ बुडवायची सोय नव्हती. गुरं मात्र इथे पाणी पीत.

तिने मान वर केली. "म्हणजे माझ्या रेडकाला इथे पाणी मिळालं असतं?"

"हो."

"आणि तो परत मुलगा झाला की नसतं."

मी काही बोलले नाही. दोनशे पानांत तिला जे सापडत नव्हतं ते तिच्या हाताला लागलं होतं. तिची पाचही मुलं आजवर मौज म्हणून, पळून जायला, लढायला रूप पालटत होती. तहान लागली म्हणून जनावर होणारं पोर तिच्या वहीत पहिल्यांदाच आलं. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतला तरुण कामाच्या गावी जात लपवून राहतो. तेही रूप पालटणंच, आणि त्याची किंमत त्याच्या अंगावरून वसूल होते. पण ती कथा तिने अजून वाचलेली नाही, थोडी मोठी झाल्यावर वाचेल.

२० मार्च १९२७ ला इथे जे घडलं त्यात कुणी रूप पालटलं नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला आलेली माणसं रांगेने तळ्यावर आली, बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, मागोमाग बाकीच्यांनी. जे होते त्याच रूपात ते पाणी प्यायले. मग वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्या माणसांवर लाठ्या पडल्या. पुढे तळ्याची शुद्धी झाली. त्याच तळ्यातलं पाणी १०८ घागरींत भरून, त्यात पंचगव्य मिसळून, मंत्र म्हणत ते परत ओतलं. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, २५ डिसेंबरला इथे मनुस्मृती जाळली गेली, आणि तळ्याचा निकाल हायकोर्टातून यायला १९३७ उजाडलं.

हे सगळं ऐकताना ती मध्येच थांबली होती, घागरींपाशी. वही मांडीवर उघडी होती. त्या हसणाऱ्या राजाचं पान तिने दुमडून ठेवलं होतं.

"भरलेली घागर केवढी जड असते, आत्या?"

मी हाताने दाखवलं. पूर्वी आम्ही विहिरीवरून आणायचो, तांब्याची असेल तर खांदा काही वेळ वर उचलत नाही.

"मग एकशेआठ ओतल्यावर," ती म्हणाली, "तो माणूस घरी जाऊन आडवा झाला असेल." आणि पेन्सिल शोधू लागली.